नईमा मण्यारीण बिनकामाची येते

विषमज्वरातून रुक्मिणीबाई उठली ती कान गमावूनच. तेव्हा ती विशीची होती, सारंगखेड्याच्या रतिलाल गुजराची बायको. घरात तिच्याशी कुणी वाईट वागलं नाही. पण एकच गोष्ट तीनदा ओरडून सांगायला वेळ कुणाला होता? भाकर, पाणी, ढोरं एवढं खुणेनं भागे. ती बोलली की आवाज चढायचा, पोरं हसायची, म्हणून तिनं बोलणंही सोडलं. कापूस वेचताना बायकांच्या हलत्या ओठांकडे बघत ती आपल्याशीच तर्क करी, आता काय चाललं असेल?

अशी बरीच वर्षं गेल्यावर शहाद्याची नईमा मण्यारीण आली. तिचा नवरा कय्युम आठवडी बाजारात बांगड्यांचं दुकान मांडी, ती टोपली घेऊन घरोघर फिरे. बांगड्या भरताना नईमा गप्पा मारी, कारण मन गुंतलं की हात सैल पडतो. इथे गप्पांचा उपयोग नाही हे कळल्यावर तिनं गाल फुगवून, डोळे वटारून रुक्मिणीच्या सासूची, शांतीबाईची नक्कल केली. रुक्मिणी फस्सकन हसली आणि बांगडी सर्रकन मनगटात गेली.

पुढच्या बाजारी नईमा पुन्हा आली. बांगड्या भरायच्या नव्हत्याच. ओसरीवर बसून तिनं हातवारे करत बाजारातलं एक भांडण रंगवून सांगितलं आणि उठून गेली. त्याच्या पुढच्या बाजारीही तेच. शांतीबाईच्या कपाळावरची आठी रुक्मिणीला दिसत होती. कोडं तिलाही पडलं होतं. ही काही मागत नाही, विकत नाही, मग येते कशाला? शेवटी तिनं तोंड उघडलं.

“तू काबं येस वं?”

आवाज फारच मोठा निघाला असावा, कारण गोठ्यातला बैल मान वळवून बघू लागला. नईमा हसली नाही. एकेक शब्द ओठांनी घडवत म्हणाली, “मन्हा घरमा समदा बोलतस, मन्हा तोंडकडे कोन्ही देखत नही. तू देखस. म्हनीसन येस.”

मग तिनं आपल्या नणंदेचं सांगितलं. अमिना जिन्यावरून पडली होती, कमरेखाली लुळी. खाटेवरून दिवसभर बोलत राही, आणि घरचे कंटाळून उठून जात. दिवसभर बोलणारी बाई! रुक्मिणीला राहवेना. रतिलाल शहाद्याच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस घेऊन निघाला तेव्हा ती पाण्याचा तांब्या घेऊन गाडीवर चढून बसली. सासूनं कपाळाला हात लावला. रतिलालनं बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि बैल हाकले.

अमिनाचं पाव बोलणंही रुक्मिणीला कळेना. दोघींनी ठरवलं: कळलं तर मान डोलवायची, नाही कळलं तर जीभ बाहेर काढायची. नईमा हसून लोटपोट. पुढच्या एका खेपेला अमिनानं विचारलं, तुमच्या सारंगखेड्याच्या जत्रेत घोडे नाचतात म्हणे, ते कसे? रुक्मिणीनं खूप हातवारे केले, पण काही जमेना.

मार्गशीर्षात रतिलालची गाडी पुन्हा शहाद्याला गेली, या वेळी गाद्या घालून, चादरीचा पडदा लावून. कय्युमनं बहिणीला उचलून आत ठेवलं. जत्रेत एक पांढरी घोडी ढोलाच्या तालावर पाय टाकत होती. ढोलाचे ठोके रुक्मिणीला गाडीच्या फळ्यांतून तळव्यांना जाणवत होते. तिनं वळून पाहिलं, तर अमिनाचे ओठ मिटलेले.

“दुखस का?” ती घाबरून ओरडली.

अमिनानं मान हलवली, नाही. बोटानं घोडीकडे दाखवलं, मग स्वतःकडे. रुक्मिणी उतरून घोडेवाल्याला हात धरून घोडीसकट घेऊन आली. घोडीनं पडद्यात तोंड घातलं, आणि अमिनानं तिच्या नाकावर पंजा टेकवला.

पुढे अमिना जत्रेला येतच राहिली. महायुद्धाच्या काळात ती वारली, तोवर रुक्मिणीचं तिच्याकडे जाणं चुकलं नाही. नंतर गावात कुणी अंथरुणाला खिळलं, कुणाची दृष्टी गेली, की ही आपणहून जाऊन बसे.

“तुले ऐकू येत नही, तठे जाईसन काय करस?” बायका ओठ ताणून विचारत.

“तो मानूस कसा शे, ते देखाले जास,” रुक्मिणीबाई मोठ्यानं म्हणे, आणि चपला शोधू लागे.