दुसरं कडवं एकट्यानं

पत्रक मी लिहिलं होतं. त्यामुळे त्या दुपारी थिएटरात जे झालं, त्याला दुसरं कुणी जबाबदार नव्हतं.

अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोत आमच्या शेजारी राहणारे काका सोल संगीत गाणाऱ्या एका जुन्या बँडचे गायक. माझे आईबाबा भारतात शाळेत जात होते, तेव्हा चर्चच्या तळघरात पाच पोरांनी तो बँड सुरू केला. पुढे दोघं वारले, दोघांनी गाणं सोडलं. त्यांच्या जागी नवे आले, निळे सूट तेच राहिले. मूळ पाचांतले उरले फक्त काका. लहानपणी मी त्यांना काका आणि त्यांच्या बायकोला काकू म्हणायला लागले. त्यांनी अर्थही न विचारता ते ठेवून घेतलं.

मग एका कंपनीनं त्याच नावाचा दुसरा बँड फिरवायला घेतला. पाच देखणे तरुण, मूळ माणूस एकही नाही. कोर्टात तडजोड झाली: काका स्टेजवर गातात तोवर नाव त्यांचं, ते थांबले की कंपनीचं. म्हणजे चोरानं दारात बसून म्हाताऱ्याच्या थकण्याची वाट बघायची! माझं डोकंच फिरलं.

भाडेकरूंच्या आंदोलनात मी पत्रकं लिहायला शिकले. एकच मागणी, ठळक अक्षरात. तशीच इथे लिहिली: ‘खरा बँड ओळखा. ओरडून सांगा, दुसरं कडवं एकट्यानं गा!’ बँडच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डवर ते कडवं काकांनी एकट्यानं गायलं होतं; तो आवाज खोट्यांकडे कुठून येणार? खोट्यांच्या शोच्या दारात वाटायचं पत्रक मी जोशात आमच्या रविवारच्या शोलाही वाटलं.

काकूंनी ते स्टेजमागे वाचलं.

“हे कुणाचं डोकं?”

“माझं.”

“अगं, त्यांना आता एकट्यानं नाही जमत.”

काकूंनी भराभर सांगितलं: वर्षभर काकांचे शब्द निसटत होते. बँडमध्ये प्रत्येक ओळीला ठरलेली स्टेप असते. डावीकडचा गायक खांदा वळवतो, ते बघून काकांचे पाय वळतात आणि पायांमागून शब्द येतो. म्हणून हल्ली ते रांग सोडतच नसत. एकट्यानं गायचं म्हणजे पुढे माइकपाशी यायचं आणि मागच्या चौघांनी पुतळे व्हायचं, ही त्यांची जुनी पद्धत.

“चौघांना माहीत आहे,” काकू म्हणाल्या, “आणि आता तुला.”

मी धावले. लोकांच्या हातातून पत्रकं मागायला लागले, तर कुणी देईना. एका आजींनी माझ्या हातावर चापट मारली. तिसऱ्या रांगेत कंपनीचा वकील, काका कधी थांबतात ते टिपायला, मोबाइल उभा धरून बसला होता. कोर्टाबाहेर त्याच्या हातात मीच एकदा पत्रक कोंबलं होतं. त्यानं मला बघून मान डोलावली, ओळखीची.

प्रेक्षकांत बसलेली आई माझं बघून कामाला लागली होती; ती पर्स घट्ट धरून आली. “मी अकरा परत आणली. तुझी किती?”

“तीन.”

“वाटताना बरा हात चालतो गं तुझा!”

शो सुरू झाला, त्या गाण्याचं पहिलं कडवं संपलं आणि मागून एक बाई ओरडल्या, “दुसरं एकट्यानं!” मग दहा जण. मग सगळं थिएटर, माझ्याच शब्दांत.

काका पुढे आले. मागचे चौघं थिजले. ड्रमरनं चार ठोके दिले. काकांचं तोंड उघडलं, मिटलं. ड्रमरनं पुन्हा चार दिले. वकिलाचा मोबाइल हलला नाही.

तेव्हा काकांनी प्रेक्षकांकडे सरळ पाठ फिरवली. चौघांकडे तोंड करून उभे राहिले. डावीकडच्यानं जुनी पद्धत मोडली आणि खांदा वळवला. काकांचा पाय सरकला. शब्द आला. मग दुसरा. अख्खं कडवं त्यांनी आम्हाला पाठ दाखवून गायलं. लोकांना वाटलं, काय ही ऐट! उभे राहून टाळ्या वाजवल्या त्यांनी. वकील तेवढा बसून होता, आणि रेकॉर्डिंग चालू होतं.

नंतर मी स्टेजमागे गेले. माफी मागायची होती. काका खुर्चीत बसून बूट काढत होते. पत्रक त्यांच्या मांडीवर होतं.

“छान लिहितेस,” ते म्हणाले. “पण पुढच्या शोला पहिलं कडवं लिही.”

मी मान हलवली.

“ते येतं मला अजून,” ते म्हणाले, आणि काकूंकडे बघितलं. काकूंनी वाकून त्यांचा दुसरा बूट काढला.