राणीच्या खोलीतल्या अकरा तुळया

ग्लेनिस पार्फिट बावीस वर्षं हॅलोफर्डच्या किल्ल्यात एकाच खोलीत उभी राहून पाहुण्यांना माहिती सांगत आली. दर मंगळवारी आणि गुरुवारी, बिनपगारी. त्याआधी ती गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात होती. उंची बेताची, आवाज मात्र शंभर पोरांना रांगेत उभं करणारा.

त्या खोलीला सगळे राणीची खोली म्हणतात. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री, त्याची दुसरी राणी अ‍ॅन इथे एक रात्र राहिली, तिला झोप लागली नाही, म्हणून ती छताच्या तुळया मोजत पडली, अशी ग्लेनिसची गोष्ट. तुळया अकरा. पाहुणेही माना वर करून मोजायचे.

माझं काम जुन्या लाकडाचं वय काढायचं. मार्चमध्ये मी त्या तुळयांतून पेन्सिलीएवढे नमुने काढले आणि वाढीची वलयं मोजून, साल माहीत असलेल्या लाकडांशी जुळवून पाहिली. झाडं तोडली होती १५७१ च्या हिवाळ्यात. राणीचं डोकं उडवलं गेलं त्याला तेव्हा पस्तीस वर्षं झाली होती. तिने मोजली म्हणतात ती लाकडं त्या रात्री रानात उभी होती.

किल्ल्याच्या व्यवस्थापिका फिलिपा यांनी ग्लेनिसला माझ्यासमोरच सांगितलं, "नवे माहितीफलक यायला ऑक्टोबर उजाडेल. तोवर गोष्टीला नुसतं 'असं म्हणतात' जोडून टाक. कुणाला कळणार नाही."

"मला कळेल ना," ग्लेनिस म्हणाली. पण जिना उतरताना तिने मला गाठलं. "ती गोष्ट काढली तर त्या खोलीत उरतं काय गं? एक रिकामं छत आणि एक म्हातारी. मग मी येऊ तरी कशाला?"

गुरुवारी लीड्सहून ट्यूडर सहलीची, म्हणजे हेन्रीच्या घराण्याच्या काळातल्या जागा पाहत फिरणाऱ्यांची, बस आली. बत्तीस माणसं, बहुतेक निवृत्त. पुढे त्यांचा म्होरक्या नेव्हिल, डोक्यावर पिसाची मखमली टोपी. राहिलेले नमुने न्यायला मी आले होते. मागे उभी राहिले.

"चला, ग्लेनिस, रडव आम्हाला," नेव्हिल म्हणाला. "ही डोरीन तिसऱ्यांदा आलीय. खास राणीसाठी."

ग्लेनिसने हात पोटाशी घट्ट धरले. "डोरीन, माफ कर. राणी इथे झोपली नव्हती. हे छत झालं तेव्हा ती कधीच गेली होती. बावीस वर्षं मी तुम्हाला चुकीचं सांगितलं."



"म्हणजे आम्ही ट्यूडर म्हणून पैसे भरले आणि..." नेव्हिलने टोपी काढली.

"ट्यूडरच आहे, बाबा! अ‍ॅनच्या वेळचं नाही, तिच्या लेकीच्या राज्यातलं आहे. टोपी घाल."

दोघं-तिघं हसले. डोरीन हसली नाही. "मग इथे होतं कोण?" तिने विचारलं.

ग्लेनिसने क्षणभर वर पाहिलं. मग नेव्हिलला म्हणाली, "उंच आहेस, जरा उजेड धर. तिकडे, सांध्यापाशी."

फोनच्या उजेडात लाकडावर कोरलेले रोमन आकडे दिसले. सुतार सांगाडा आधी जमिनीवर जुळवायचे, मग सुटा करून वर चढवायचे. कुठला तुकडा कुठे, ते कळावं म्हणून खुणा.

"आता क्रमाने वाचा."

सगळे मोठ्याने वाचू लागले. पाच, सहा, सात, सात...

"आठ कुठे गेला?" डोरीन म्हणाली.

"तेच! गड्याने सात दोनदा कोरला. वर चढल्यावर किती शिव्या खाल्ल्या असतील! शाळेत मी एकदा कस्टर्डमध्ये दोनदा साखर घातली होती, अजून त्याचे टोमणे ऐकते."

आता सगळेच हसले. एक म्हातारा म्हणाला, "माझे वडील सुतार होते. पावसातही चढायचे." मग तो बराच वेळ बोलत राहिला आणि ग्लेनिस, जी कुणाला मध्ये बोलू द्यायची नाही, ऐकत राहिली. डोरीन मात्र निघताना एवढंच म्हणाली, "मला राणी जास्त आवडायची."

स्वयंसेवकांच्या खोलीत ग्लेनिसने चहा ओतला. "मलाही आवडायची," ती म्हणाली. "झोप न लागणारी बाई. घरी कुणी नसलं की मी तिच्याशी बोलायचे." तिने बिस्किट चहात बुडवलं. ते तुटून आत पडलं, तिने चमच्याने काढून खाल्लं.

मग तिने भिंतीवरच्या तक्त्यात पुढच्या मंगळवारसमोर आपलं नाव लिहिलं आणि मला विचारलं, "त्या सुतारांना तेव्हा दिवसाला मिळायचं काय, खायला द्यायचे काय, हे कुठे सापडेल गं? मंगळवारी शाळेची पोरं येणार आहेत. ती पहिलं तेच विचारतील."