स्थळ बघायला आलेले सायकॉलॉजीचे सर

इनामदार सर आज पहाटे गेले, आणि बातमी ऐकून मला हायसं वाटलं.

कुणाला राग येईल. येऊ दे.

वर्षभर अंथरुणाला खिळले होते. मागच्या महिन्यात भेटलो तेव्हा घोटभर पाणी गिळतानाही त्यांचे हाल होत होते. झोपेतच गेले म्हणे. सुटले.

नव्या पोरांना सर माहीत नाहीत, म्हणून लिहितोय.

परवा टीव्हीवर मॅच बघताना नात म्हणाली, "आजोबा, मोठ्या टीमबरोबर स्पोर्ट्स सायकॉलॉजिस्ट असतो. प्लेयरचं टेन्शन घालवायला."

म्हटलं, आमच्या पेठेच्या टीमलाही होता. फक्त तो लपवून आणावा लागला.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. कोल्हापुरात फुटबॉलची मॅच अकरा पोरांची नसते, अख्ख्या पेठेची असते. जिंकलात तर गुलाल. हरलात तर न्हाव्याच्या खुर्चीतसुद्धा ऐकून घ्यायचं.

सेमीफायनलला शेवटच्या मिनिटात मी पेनल्टी बाहेर मारली. टीम हरली.

दुसऱ्या दिवसापासून आण्णा, म्हणजे माझे वडील, तालमीच्या कट्ट्यावर बसायचे बंद झाले.

आमचा दुधाचा धंदा. चौकात म्हैस उभी करायची, समोर धार काढून द्यायची. लोक दूध प्यायचे आणि ग्लास परत देताना विचारायचे, "आण्णा, पोराला दूध पाजता का न्हाय?"

आण्णा मला काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून काहीच बोलले नाहीत. त्यापेक्षा कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या सीझनला माझे पाय जड झाले. बॉल आला की पास देऊन मोकळा. गोलसमोर जायचंच टाळायचो. मी मनाशी ठरवलं होतं, अजून एकदा चुकलं की गडहिंग्लजला मामाकडे निघून जायचं. फुटबॉल बास, घरही बास.

हे ओळखलं दादू वस्तादांनी. तालीम त्यांची, टीमही त्यांचीच.

इनामदार सर कॉलेजात सायकॉलॉजी शिकवायचे आणि वस्तादांच्या ओळखीचे होते. पण तेव्हा सायकॉलॉजी म्हटलं की लोकांना एकच कळायचं, वेड्यांचा डॉक्टर. असा माणूस दारात दिसला असता तर माझं लग्न जन्मात झालं नसतं.

मग वस्तादांनी काय करावं?

रविवारी सकाळी सरांना फेटा बांधला आणि गल्लीच्या तोंडालाच मोठ्यानं जाहीर केलं, "पावणं कागलचं हायती. आमच्या बाळूला बघायला आल्यात."

बाळू म्हणजे मी. पावणे खरे कोण ते फक्त आमच्या घरात माहीत. आईने पोहे केले. शेजारच्या मावशी साखर मागायच्या निमित्ताने दोनदा डोकावून गेल्या.

सर माझ्याशी फार बोललेच नाहीत.

"परत चुकली तर काय होईल?" एवढंच विचारलं.

"लोक हसतील."

"ते हसून झालेत. आणखी काय?"

मी आण्णांकडे बघितलं आणि मान खाली घातली.

सरांना तेवढं पुरलं. ते आण्णांकडे वळले.

"हा परत चुकला तर घरात घ्याल ना?"

आण्णा भडकले. "ह्यो काय प्रश्न झाला? माझं पोरगं हाय ते."

"मग मला कशाला सांगता? त्याला सांगा."

आण्णा उठले. वैरण टाकायची राहिली म्हणाले आणि गोठ्यात गेले. सर जाईपर्यंत बाहेर आले नाहीत.

वस्ताद ओशाळले. "मास्तर, उगंच तरास दिला तुमास्नी."

सर म्हणाले, "पोहे छान होते."

संध्याकाळपर्यंत पेठेत माझं लग्न ठरलं. मुलगी किती शिकलीय, वरात कुठून न्यायची, सगळं लोकांनी परस्पर उरकलं. पेनल्टी मागे पडली. वस्ताद घाबरून सरांकडे पळाले, तर सर पोट धरून हसले. म्हणाले, "खोडून काढू नका. चालू दे."

पत्रिका जुळली नाही, ही बातमी वस्तादांनी पार सीझन संपल्यावर सोडली.

पुढच्याच मॅचला आम्हाला पेनल्टी मिळाली. वस्तादांनी लाइनीबाहेरून माझ्याकडे बोट केलं. "बाळूच मारंल."

गॅलरीतून कोणीतरी ओरडलं, "मार की नवरदेवा, अक्षता पडायच्या हायत अजून."

सगळं स्टेडियम हसलं. मलाही हसू आलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच गोलसमोर उभा होतो आणि पाय जड वाटत नव्हते.

जोरात मारली.

गोलकीपरने अडवली.

हो. परत चुकली. एका गोलने हरलो.

सगळ्यात शेवटी बाहेर पडलो. डोक्यात एसटी स्टँड आणि गडहिंग्लजची गाडी.

गेटबाहेर आण्णा सायकल धरून उभे होते. त्या सीझनला पहिल्यांदाच मॅचला आले होते.

"बस," कॅरियरवर हात मारून म्हणाले.

"आण्णा, चुकली."

"बघितलं की. बस म्हणतोय न्हवं."

माझ्यासारख्या घोड्याला मागे घेऊन त्यांनी सायकल मारली. मागच्या बोळातून सरळ घरी जाता आलं असतं. पण आण्णांनी मुद्दाम तालमीपुढून घेतली.

कट्टा भरलेला होता. सगळे आमच्याकडे बघायला लागले.

आण्णांनी सायकल भिंतीला लावली. "सरका जरा," म्हणाले, आणि मला शेजारी घेऊन बसले.

थोड्या वेळाने कुणीतरी चहा सांगितला, आमच्या दोघांचाही.

त्या दिवशी मी घरी जेवलो आणि मेल्यासारखा झोपलो.

सर, त्यानंतर बरीच वर्षं खेळलो. काही पेनल्ट्या आत गेल्या, काही नाही गेल्या. गडहिंग्लजला फक्त मामाला भेटायला गेलो.

आता तुमचंही दुखणं संपलं. निवांत जावा सर.

आण्णांच्या घराचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.