चालक नवीन आहे

जर्सी सिटीत राहायला गेलो तेव्हा आम्हाला गाडीची तशी गरज नव्हती. इमारतीतून खाली उतरलं की समोर ट्रेन, त्या ट्रेनने नवरा मॅनहॅटनला ऑफिसात, संध्याकाळी त्याच ट्रेनने घरी. पण नोकरी जरा स्थिरावली की आपल्या माणसाला नवी कोरी गाडी घ्यावीशी वाटतेच. त्याने घेतली. व्हिसा त्याचा, पगार त्याचा, क्रेडिट हिस्टरी त्याची, म्हणून कागदांवर नावही त्याचं एकट्याचंच. मी डिपेंडंट व्हिसावर. मला नोकरी करायची परवानगी नव्हती, गाडी चालवायची मात्र होती. सोमवार ते शुक्रवार गाडी माझ्या ताब्यात असायची, आणि खरं सांगायचं तर त्या देशात माझ्या ताब्यात असलेली ती एकच गोष्ट होती.

गाडी चालवणं मला नवीन नव्हतं. सांगलीला वडिलांची जीप मी कॉलेजात असल्यापासून चालवत आले. लग्न ठरलं तेव्हा नवऱ्याला फक्त स्कूटर येत होती. अमेरिकेला जायच्या आधी साखर कारखान्याच्या रस्त्यावर वडिलांच्या गाडीत शेजारी बसून त्याला क्लच आणि ब्रेक मी शिकवले. पहिल्याच आठवड्यात त्याने उसाच्या बैलगाडीला गाडी घासली होती. ही गोष्ट आमच्या घरात कधी निघत नसे. मी काढली तर तो विषय बदलायचा.

आमच्याच मजल्यावर नागपूरच्या एक काकू होत्या, मुलाकडे नातीला सांभाळायला आलेल्या. नात शाळेत गेली की दुपारपर्यंत त्या मोकळ्या. दर मंगळवारी दोन कापडी पिशव्या घेऊन त्या माझ्या दारात हजर. मग आम्ही दोघी देशी दुकानांत भाजी बघत, मेथीच्या जुड्या उलटसुलट करत, दुकानदाराशी वाद घालत हिंडायचो. गाडीत त्या पुढे बसायच्या आणि सीटबेल्ट दोन्ही हातांनी धरून ठेवायच्या. गप्पा मात्र अखंड चालू. मला त्या मंगळवारची वाट बघायची सवय लागली होती.

अशाच एका मंगळवारी परत येताना डावीकडे वळायला मी गाडी हळू केली आणि इंजिन बंद पडलं. खडखड नाही, धूर नाही, बंद. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं, ब्रेक दबेना, आणि समोरून बस येत होती. बसवाल्याने करकचून ब्रेक लावला म्हणून आम्ही वाचलो. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा नुसता कल्ला केला. काकूंनी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली होती. किल्ली फिरवल्यावर गाडी शहाण्या मुलासारखी पुन्हा सुरू झाली.

शनिवारी नवऱ्याबरोबर डीलरकडे गेले. काउंटरवर टाय लावलेला एक हसतमुख माणूस होता. बोलायला नवरा पुढे झाला, कारण गाडी त्याच्या नावावर. काय झालं ते त्याने सांगितलं, आणि शेवटी कसनुसं हसून म्हणाला, की माझी बायको ड्रायव्हिंगला नवीन आहे, कदाचित तिचाच पाय चुकत असेल. मी शेजारीच उभी होते. टायवाल्याने माझ्याकडे बघून सहानुभूतीने मान हलवली आणि ते वाक्य कॉम्प्युटरवर जसंच्या तसं टाइप केलं.

बाहेर आल्यावर माझा पारा चढला. नवऱ्याला खरंच कळेना मी का चिडले. अगं, असं बोलावं लागतं, म्हणाला. एकदम तुमची गाडी खराब आहे म्हटलं तर समोरचा माणूस बिथरतो. आपण थोडं कमीपणाने बोललं की तो नीट काम करतो, हा सभ्यपणा आहे.

मी विचारलं, "सभ्यपणा कुणाशी? त्या टायवाल्याशी? मग माझ्याशी का नाही?"

तो वाईट माणूस नव्हता, हे इथे सांगून टाकते. त्याच्या घरची रीतच तशी. पाहुण्यांसमोर घरच्या माणसाचं कौतुक करायचं नाही. तो बोर्डात आला तेव्हा सासरे लोकांना सांगत होते, झाला बुवा कसाबसा पास. सासूबाईंनी दिवसभर खपून पुरणपोळ्या केल्या की वाढताना पहिलं वाक्य, आज जरा बिघडल्यात. पाहुण्याने मग नाही नाही म्हणायचं असतं. जर्सी सिटीतल्या टायवाल्याला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. नवरा बायकोला नवशिकी म्हणतोय, तर ती नवशिकीच असणार, असं तो सरळ समजला. त्यात त्याचं तरी काय चुकलं?

गाडी परत आली ती एक कागद घेऊन: चालक नवीन आहे, दोष आढळला नाही. मग ती पुन्हा दोनदा तशीच बंद पडली, दोन्ही वेळा मी चालवत असताना, हळू होऊन वळताना. नवरा शनिवार-रविवार हायवेवरून एडिसन गावी नाहीतर कुणाकडे तरी न्यायचा. तिथे ही गाडीबाई कशी निमूट धावायची! त्याच्या हातात एकदाही बंद पडली नाही. दुरुस्तीला प्रत्येक वेळी डीलरकडे नेली, आणि प्रत्येक वेळी पहिल्याच कागदावरचं वाक्य पुढच्या कागदावर उतरलं. तिसऱ्यांदा ती सर्कलमध्ये बंद पडली आणि मागे भलामोठा ट्रक होता. त्या दिवशी मी इतकी घाबरले की गाडी कडेला घेऊन अर्धा तास तशीच बसून राहिले.

ही गोष्ट आमच्या लोकांत पसरायला वेळ लागला नाही. कुणीतरी भेटलं की नवरा हसत सांगायचा, आमच्या हिच्या हातात गाडी रुसते. ऐकणारे हसायचे. एक मंगळवार काकू आल्या नाहीत. मी विचारायला गेले तर म्हणाल्या, "गुडघे फार दुखून राहिले गं." पुढच्या मंगळवारीही गुडघे दुखत होते. मला काय ते कळलं. मनाला लागलं, पण त्यांना काय म्हणणार? बस त्यांनीही डोळ्यांसमोर पाहिली होती.

त्याहून वाईट गोष्ट अशी, की हळूहळू मलाच शंका यायला लागली. ओट्याशी उभी राहून मी उजवा पाय फरशीवर दाबून बघायची, उचलून बघायची. इतकी वर्षं जीप चालवलेला पाय! तो माझा आहे की नाही असं वाटायला लागलं. मी गाडी चालवणं बंद केलं. नवऱ्याने ते फार सहज स्वीकारलं, याचा मला रागापेक्षा थकवा आला.

घरी रिकामी बसून मी गाडीबरोबर मिळालेलं सगळं वाचून काढलं. त्यात सरकारी भाषेतलं एक पान होतं. गाडी विकताना ते प्रत्येकाला देतात, आणि प्रत्येक जण ते खणात टाकतो. लेमन लॉ. अमेरिकेत नवी गाडी सदोष निघाली तर तिला लिंबू म्हणतात. पहिल्या दोन वर्षांत आणि ठराविक मैलांच्या आत एकच दोष तीनदा दुरुस्त करूनही राहिला, तर कंपनीला कळवायचं, एक शेवटची संधी द्यायची. तरीही जमलं नाही तर राज्याकडे तक्रार करायची. सुनावणी होते आणि दोष सिद्ध झाला तर कंपनीला गाडी परत घ्यावी लागते. आमच्या गाडीच्या पूजेत चाकांखाली लिंबं चिरडली होती, त्यावरून नंतर लोकांनी जे विनोद केले ते मी गाळते.

नवरा मुळीच तयार नव्हता. केस हा शब्द ऐकूनच त्याचा चेहरा उतरला. ग्रीन कार्डाची फाईल कुठेतरी पडलेली, आणि आपण कोर्टात जायचं? मी म्हटलं, गाडीचं काय व्हायचं ते होवो, मला एकदा कुणीतरी नीट तपासून सांगायला हवं की दोष तिचा की माझा. त्याने ऑफिसातल्या मित्राला विचारलं. तो म्हणाला, यार, हा काही गुन्हा नाही, इथले लोक सर्रास करतात. मग कुठे त्याने कागद भरले. कंपनीने शेवटच्या संधीसाठी गाडी नेली, कसलातरी पार्ट बदलून आणून दिली. ती परत आल्यावर मी धीर करून एकदाच बाहेर काढली, आणि इमारतीच्या पार्किंगच्या तोंडाशीच वळताना ती बंद पडली. मला चक्क आनंद झाला.

सुनावणीची खोली अगदी साधी होती, लांब टेबल आणि पाण्याचा जग. न्यायाधीश बाई वयस्कर होत्या, अंगात स्वेटर. कंपनीचा माणूस फाईल घेऊन आला होता. त्याने डीलरचे तिन्ही कागद एकामागून एक वाचले. चालक नवीन आहे. चालक नवीन आहे. चालक नवीन आहे. मालकाने स्वतःच हे सांगितलं आहे, यापुढे आम्ही काय बोलणार, असं म्हणून तो बसला. मी नवऱ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिथेच काहीतरी बोलून गेले असते.

शपथ आधीच झाली होती. बाईंनी नवऱ्याला विचारलं, हे तुम्ही म्हणालात का? तो हो म्हणाला. मग त्यांनी विचारलं, तुमची पत्नी खरंच नवीन चालक आहे का?

सभ्यपणा आणि शपथ एका वेळी पाळता येत नाहीत, हे त्याला तेव्हा बहुधा कळलं असावं. मग इंग्रजीत, खाली बघत म्हणाला, "नाही. गाडी चालवायला मला तिने शिकवलं."

बाईंनी ते लिहून घेतलं आणि माझ्याकडे वळल्या. गाडी नेमकी कधी आणि कशी बंद पडते ते मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. मी सांगितलं, अगदी ब्रेकवर पाय कधी जातो तिथपर्यंत. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. पुढे काही आठवड्यांनी निकाल आला. दोष गाडीचा होता, कंपनीने ती परत घ्यावी. मी स्वयंपाकघरात उभी राहून उजवा पाय उगाच फरशीवर आपटला आणि रडले.

गाडी गेल्याचं कळल्यावर काकू संध्याकाळी घरी आल्या. नवरा होता. काकू त्याला म्हणाल्या, बरं झालं बाप्पा, आता हिला सोपी गाडी घेऊन दे, हिच्या पायाला झेपंल अशी. आणि नवरा, शपथ घेऊन आलेला माझा नवरा, सवयीने हसला आणि म्हणाला, हो ना काकू, बघू.

मी चहा गाळत होते. गाळणं तसंच पातेल्यावर ठेवलं.

"जज्जबाईंना काय सांगितलंस, ते काकूंना सांग."

त्याने आधी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. मी हलले नाही. इंग्रजीत अनोळखी बाईला सांगून झालं होतं. आता आपल्या भाषेत, आपल्या माणसाला सांगायचं होतं, आणि ते जास्त जड जात होतं, हे मला दिसत होतं. शेवटी तो म्हणाला, "काकू, हिचं काहीच चुकलं नव्हतं. मला गाडी हिनेच शिकवलीय."

काकूंनी हातातला कप खाली ठेवला. एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"मग इतके दिवस काहून नाही सांगितलं रे? मी उगाच हिला भ्याली ना."

काकू चहा पिऊन गेल्या.

मंगळवारी सकाळी दार वाजलं. काकू उभ्या, हातात दोन कापडी पिशव्या. मी म्हटलं, अहो काकू, नवी गाडी अजून यायचीय. त्या म्हणाल्या, मग पायी जाऊ, चल. मी चपला घातल्या. गुडघ्यांचं काय, ते मी विचारलं नाही.