अक्कांची मिसरीची डबी आणि डॉ. कुमुदिनीताई

डॉ. कुमुदिनीताई तायडे यांची आणि माझी पहिली ओळख जवळजवळ भांडणातच झाली. त्यांच्या गौरवग्रंथात हे लिहावे की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. संपादक मंडळी म्हणाली, ‘झालं तसं लिहा, सर.’ म्हणून लिहितो.

तेव्हा मी जळगावच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो. ताईंनी मेहरूण भागात नुकताच दातांचा दवाखाना सुरू केला होता. माझे खालचे पुढचे तीन दात हलत होते आणि हिरड्यांतून रक्त येत होते. कविता मोठ्याने वाचल्याशिवाय मला शिकवताच येत नसे. त्यामुळे दात एकदाचे काढावेत, कवळी बसवावी आणि तास सुरळीत चालवावा, असे ठरवूनच मी गेलो होतो.

ताईंनी मला खुर्चीवर बसवलेच नाही. बेसिनपाशी नेले, हातात नवा ब्रश दिला आणि म्हणाल्या, “घासून दाखवा.” साठ मुलांसमोर उभा राहणारा मी, चार अनोळखी पेशंटांसमोर दात घासू लागलो.

“सर, दात घासताय की पातेलं?”

मागे कोणीतरी हसले. मी रागाने सांगितले, “रक्त येतं तिथे मी ब्रश लावतच नाही.”

“लावत नाही, म्हणूनच येतं,” ताई म्हणाल्या. ब्रश हिरडीच्या कडेला तिरपा धरून हलक्या हाताने कसा फिरवायचा, ते त्यांनी माझा हात धरून शिकवले. आजही त्यांच्या दवाखान्यात नवा माणूस आधी बेसिनपाशी जातो. मग तो शेतमजूर असो की साहेब.

पुढच्या दोन भेटींत त्यांनी दातांवरचे किटण काढले. घरी येऊन जीभ फिरवतो तो काय, दात आधीपेक्षा जास्त हलतात! मी शिक्षकांच्या खोलीत जाहीर केले की दात साफ करून घेणे म्हणजे ते खिळखिळे करून घेणे. भडगावला माझ्या थोरल्या बहिणीला, अक्कांनाही फोनवर हेच ऐकवले. नंतर ताईंच्याही तोंडावर बोललो.

त्या शांतपणे म्हणाल्या, “दात आधीपासून हलत होते, सर. किटणानं त्यांना टेकू दिला होता, आणि तेच किटण खालून हिरडी पोखरत होतं. दीड महिना मी सांगते तसं घासा. मग येऊन भांडा.”

दीड महिन्यात एक दात गेला. दोन घट्ट झाले, ते आजतागायत तोंडात आहेत. शिक्षकांच्या खोलीत मी माझे म्हणणे जाहीरपणे मागे घेतले. भडगावला मात्र तसा फोन करायचे राहून गेले.

अक्का लहानपणापासून मिसरी लावत. भाजलेल्या तंबाखूची काळी पूड, पितळी डबीत ठेवलेली. सकाळी जात्यावर ओव्या म्हणत आणि मधेच बोटाने मिसरी फिरवत. त्या ओव्यांनीच मला कवितेची गोडी लागली. काही वर्षांनी त्या माझ्याकडे राहायला आल्या, तेव्हा तिखट खाल्ले की गाल धरून बसत. तोंडात आग होते म्हणाल्या. मी ताईंचे नाव काढले, तर उसळल्या.

“तूच सांगं व्हतं ना, दात साफ करात की हालतस? मंग आते माले कसाले लई जास?”

पंधरा दिवस मी विनवत होतो आणि पंधरा दिवस अक्का मला माझेच शब्द ऐकवत होत्या. तोंडात बरी न होणारी आग असेल तर थांबू नका, असे ताई प्रत्येकाला बजावत, ते मला ठाऊक होते. त्यामुळे जाणारा एकेक दिवस मला बोचत होता. शेवटी मी सगळे ताईंना सांगितले. त्या रविवारी ताई आमच्या घरी आल्या. हातात ना पिशवी, ना अवजार. अक्कांजवळ जमिनीवर बसल्या आणि त्यांच्याच बोलीत बोलू लागल्या.

“अक्का, मी धुयानी पोर शे. तुम्ही मिसरी कशी लावतस? माले शिकाडा ना.”

अक्का खुलल्या. डबी उघडली, बोट बुडवले, “ये, अशी लावानी,” म्हणत दातांवरून फिरवली आणि उरलेली डाव्या गालाच्या आत दाबली. ताई लक्ष देऊन पाहत होत्या. मग त्यांनी अक्कांना चूळ भरायला लावली, घरातला आरसा मागितला, खिडकीशी उजेडात नेले आणि त्यांचाच गाल त्यांना दाखवला. जिथे मिसरी दाबली होती, बरोबर तिथेच पांढरा चट्टा होता. बोटाने पुसला तरी जाईना.

अक्कांनी आरशात पाहत चट्ट्यावर बोट ठेवले. “हाई मीच कयं का?” त्यांनी विचारले.

“तुम्ही नही, मिसरीनी कयं,” ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अक्का स्वतः चपला घालून तयार. ताईंनी चट्ट्याचा लहानसा तुकडा तपासायला पाठवला. अहवाल येईपर्यंतचे आठ दिवस मी वर्गात एकही कविता घेतली नाही, व्याकरण उरकले. अहवालात कर्करोग नव्हता. मात्र मिसरी सुटली नाही, तर पुढचे सांगता येणार नाही, असे ताईंनी स्पष्ट बजावले. अक्कांनी डबी ताईंच्याच स्वाधीन केली. पहिला महिना त्या घरात सगळ्यांवर खेकसत होत्या. मधे एकदा शेजारणीकडून चिमूटभर आणून लावली आणि स्वतःच फोन करून ताईंना सांगितले. ताई रागावल्या नाहीत. “आजचा दिवस गेला, उद्यापासून परत,” एवढेच म्हणाल्या. वर्षभरात चट्टा फिकट होत गेला.

नंतर ताई आमच्या शाळेतही येऊ लागल्या. मुलांना दोन मिनिटे घासा म्हटले, तर दहा सेकंदांत ब्रश बाहेर. मी सुचवले की मनात एक आख्खी कविता म्हणावी आणि ती संपेपर्यंत घासावे. एक मुलगी म्हणाली, “सर, छोटी कविता द्या ना!” ताईंनी माझ्या सूचनेचे श्रेय धुळ्यापर्यंतच्या शाळांत मला दिले. चूक मात्र माझी कुठेही सांगितली नाही. ती आज मीच सांगतो आहे, कारण किती जण माझे ऐकून घरी थांबले असतील, हे मला कधीच कळणार नाही.

ताई साठ वर्षांच्या झाल्या. अक्कांनी पंच्याऐंशी ओलांडली; दर सहा महिन्यांनी ताईंना गाल दाखवायला त्या न चुकता जातात. हा लेख लिहिताना मी अक्कांना विचारले, तुमच्यातर्फे काय शुभेच्छा देऊ? अक्का म्हणाल्या, “मी आखो दहा वरीस जगसू. तवलोंग मनं तोंड कोन पाही? तिले सांग, तब्येत सांभाळ.”

ताई, अक्कांचे तोंड अजून दहा वर्षे तुम्हालाच पाहायचे आहे; त्यांचे म्हणणे मनावर घ्यावे. आम्हा सगळ्यांचे तेच म्हणणे आहे.