न चुकचुकणारी पाल

२००६च्या जूनमध्ये आम्ही दोघं आठवडाभर इंग्लंडच्या दक्षिणेच्या आइल ऑफ वाइट बेटावर होतो. माझ्या यजमानांना बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलमधून रिटायर होऊन वर्षही झालं नव्हतं. घरून निघायच्या आदल्या दिवशी त्यांचा कोट ड्रायक्लीनिंगला द्यावा म्हणून मी खिसे पाहिले, तर कन्सल्टंट डॉक्टरांचं पत्र हाती आलं. दोनदा वाचलं, होती तशीच घडी घातली आणि कोट पुन्हा खुंटीला लावला. रिपोर्ट ठीक आहे असं ते मला सांगून बसले होते.

बेटावर समुद्राकाठच्या दगडी भिंतीवर छोटे सरडे दिसायचे. मूळचे भूमध्य समुद्राकडचे. कुणी आणून सोडले की बोटीवरच्या एखाद्या पेटीतून पळाले, नक्की माहीत नाही. इथल्या थंडीत त्यांना दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीच मानवतात. ढग आला की भेगेत, ऊन पडलं की बाहेर. अंग चपटं करून दगडाला बिलगून पडायचे. तुटलेली शेपटी पुन्हा येते, पण तिच्यात हाड नसतं, हे मला यजमानांनी तिथेच सांगितलं.

मी आपली त्यांना पाल म्हणत होते. भिंतीवर असते ती पाल.

"पाल नव्हे ती," ते म्हणाले. "पालीला पापण्या नसतात. बघ, ही डोळे मिटतेय. आणि ही चुकचुकत नाही."

"बरंच आहे. नाहीतर कृष्ण कृष्ण म्हणत बसावं लागलं असतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू हे कधीपासून मानायला लागलीस?"

पत्राचं विचारायचं असतं तर तेव्हाच विचारता आलं असतं. मी म्हटलं, "तुमच्या आईंची सवय लागली."

"आईने मला परीक्षेला निघताना दोनदा परत बसवलं होतं, पाल चुकचुकली म्हणून."

"पण पास झालात ना?"

"पेपर अर्धाच लिहून."

दोघंही हसलो. मग ते बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले, आणि मी त्यांच्याकडे.

पुढच्या फेब्रुवारीत ते गेले. मला माहीत होतं हे त्यांना कळलं होतं का, ते मला आजही ठाऊक नाही.

त्या जूनमध्ये बेटावरून निघताना गेस्टहाउसच्या बाईंनी विचारलं, पुढच्या जूनसाठी हीच खोली ठेवू का. ते "ठेवा" म्हणाले. बाईंनी वही माझ्यापुढे सरकवली. मी आम्हा दोघांची नावं लिहिली.