खडीवरचा सडा

सत्तर-एकाहत्तर साली आम्ही चिंचवडला कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायला गेलो, तेव्हा पुढच्या बागेचं पार जंगल झालं होतं. माझ्या इंजिनिअर नवऱ्याने ते सगळं उपटलं, कडेला चार क्रोटन लावले आणि बाकी जागेत थेट दारापर्यंत खडी पसरली. "आता झाडलोट नाही, पाणी नाही. नुसतं बघत बसायचं," असं ते ऐटीत म्हणाले. बघत बसणं त्यांना आधीपासूनच छान जमायचं.

मग चऱ्होलीहून सासूबाई आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलनीमागच्या गोठ्यातलं शेण बादलीत कालवून त्या दारात उभ्या. "दारात सडा न्हाई? घरात सुतक हाय का?" म्हणत त्यांनी सगळ्या खडीवर सडा घातला, आणि मग रोजच घालू लागल्या. कंपनीत अख्ख्या वर्कशॉपवर डाफरणारा माणूस आईपुढे मांजर झाला.

रोज पाणी, वर शेणखत! पाहता पाहता खडीतून गुडघाभर गाजरगवत उभं राहिलं.

त्यानंतर कंपनीच्या दर गुरुवारच्या सुट्टीला आमचे हे खडीत उकिडवे बसून, अंग खाजवत गवत उपटायचे. मी चहाचा कप घेऊन पायरीवर बसायचे आणि नुसतं बघायचे.